हयात, बेपत्ता, दिवंगत

बुधवारी दुपारी अरविंद आला आणि दारात चपला काढून आत बसला, तेव्हाच वामनरावांनी ओळखलं की हा आज मनातलं बोलल्याशिवाय उठणार नाही. अरविंद म्हणजे त्यांच्या सुनेचा, रजनीचा, थोरला भाऊ. शनवारा भागात त्याचं टायरांचं दुकान. एरवी तो रस्त्यावरूनच हाक मारायचा, बहिणीला काय हवं-नको विचारायचा आणि गाडी बंद न करता निघून जायचा.

"बाबूजी, धूलकोटवाल्यांचा फोन होता."

वामनराव संगणकासमोर बसले होते. त्यांनी मान हलवली, पण पडद्यावरची नजर काढली नाही.

"भूपेंद्र लग्नाला तयार आहे. त्याची बायको जाऊन तीन वर्षं झाली, लेकरू नाही, माणूस सरळ. पण त्याच्या घरची बुजुर्ग मंडळी समाजाची सूची उघडून बघतात. तिथे आमच्या रजनीच्या नावापुढे काय दिसतं? विवाहित. ते मला विचारतात, शादीशुदा बाईचं लग्न लावून राहिले का तुम्ही?"

"कोर्टाचा कागद आहे ना," वामनराव हळूच म्हणाले.

"कागद आहे. सात वर्षांत जावईबुवांची काही खबर नाही, म्हणून ते गेले असं कोर्टाने मानलं. कोर्टाने मानलं, तुम्ही नाही मानलं, एवढीच गोष्ट आहे, बाबूजी." अरविंदने पाण्याचा पेला खाली ठेवला. "रविवारी वधू-वर परिचय संमेलन आहे. सगळे सूचीवरूनच बघतील. एक बटण तर दाबायचं आहे."

तो गेल्यावर रजनी स्वयंपाकघरातून बाहेर आली. ती एका खाजगी शाळेत लहान मुलांना शिकवायची आणि एकच्या सुमारास घरी यायची. हातातल्या फडक्याला हात पुसत ती म्हणाली, "बाबा, दादाचं बोलणं मनावर घेऊ नका. त्याला तसंच बोलता येतं." मग थोडं थांबून, "पण मी हो म्हटलंय त्यांना. हे तुम्हाला माहीत असावं. मी छत्तीसची झाले."

"हो," वामनराव म्हणाले. ते परत पडद्याकडे वळले.

समाजाची परिवार-सूची म्हणजे एक प्रोग्राम होता. बऱ्हाणपूर आणि आसपासच्या गावांतली समाजाची सगळी घरं त्यात होती. कोणाचा जन्म, कोणाचं लग्न, कोण कुठल्या घरची लेक, हे सगळं फोनवर बघता यायचं. तो निरंजनने लिहिला होता. निरंजन म्हणजे वामनरावांचा एकुलता एक मुलगा आणि रजनीचा नवरा. त्याने एक नियम सुरुवातीलाच घालून दिला होता. घरातल्या माणसांची माहिती फक्त कुटुंबप्रमुखाने भरायची, आणि दर दिवाळीच्या पाडव्याला प्रमुखाने आपल्या घरची नावं उघडून एकेकापुढे 'बरोबर आहे' म्हणायचं. आता पाडव्याला ओवाळून झालं की समाजातली म्हातारी माणसं फोन घेऊन बसत आणि घरच्यांची हजेरी लावत. तशी रीतच पडून गेली होती.

आठ वर्षांपूर्वी एका मंगळवारी निरंजन सकाळी घरातून निघाला आणि परत आला नाही. भांडण नव्हतं, चिठ्ठी नव्हती. तीन दिवसांनी चांदनी स्टेशनच्या बाहेर एका लिंबाखाली त्याची मोटारसायकल सापडली. हँडलला कुलूप घातलेलं होतं आणि किल्ली नव्हती. पोलिसांना त्यात काही विशेष वाटलं नाही. वामनरावांनी मात्र त्या कुलपावर आठ वर्षं काढली. परत यायचं नसेल तर माणूस गाडीला कुलूप कशाला घालेल? दुसऱ्या वर्षी त्यांची पत्नी कविताबाई वारल्या, तेव्हा त्यांच्या नावापुढे 'दिवंगत' त्यांनी स्वतःच्या हाताने भरलं होतं. निरंजनच्या नावापुढे मात्र दर पाडव्याला ते 'हयात, बरोबर आहे' म्हणत आले. रजनी शेजारी निरांजनाचं ताट घेऊन उभी असायची. ती कधी काही बोलली नाही.

निरंजन गेल्यावर सूची सांभाळायला कोणी उरलं नाही. वामनराव शाळेच्या ग्रंथालयातून निवृत्त झालेले. पुस्तक समोर ठेवलं तर काहीही शिकता येतं, एवढा एकच विश्वास त्यांना स्वतःबद्दल होता. सहासष्टाव्या वर्षी त्यांनी प्रोग्रामिंगचं पुस्तक आणलं आणि मुलाने लिहिलेल्या ओळी एकेक करून वाचायला घेतल्या. वर्षभर त्यांना काही कळलं नाही. मग थोडं थोडं कळू लागलं. निरंजन घाईत कुठे चुकायचा, कुठे कंटाळायचा, हेही त्या ओळींत दिसायचं. तो घरात असताना त्यांचं त्याच्याशी इतकं बोलणं कधी झालं नव्हतं.

त्यातच त्यांना 'एनम' भेटला. पुस्तकात समजावलं होतं ते असं : ज्या गोष्टीचे प्रकार मोजके आणि आधीच ठाऊक असतात, जसे आठवड्याचे वार किंवा पत्त्यांचे चार रंग, त्यांची यादी एकदाच बांधून ठेवायची. मग त्या यादीबाहेरचं काही कोणी भरू गेलं तर प्रोग्राम ते घेतच नाही. एकतीस वर्षं पुस्तकं विषयवार कपाटात लावलेल्या माणसाला हे लगेच पटलं. निरंजनने माणसाच्या स्थितीसाठी असाच एनम बांधला होता. त्यात दोन शब्द होते, हयात आणि दिवंगत. खाली त्याने स्वतःसाठी टीप लिहून ठेवली होती : 'दोन पुरेत.' बायकांच्या नावापुढचा शब्द प्रोग्राम यावरूनच काढायचा. नवरा दिवंगत असेल तर विधवा, नाहीतर विवाहित.

अरविंद येऊन गेल्याच्या दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, रजनी शाळेत गेल्यावर वामनरावांनी निरंजनचं पान उघडलं. खरंच एकच बटण होतं. त्यांनी माउस 'दिवंगत'वर नेला आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला. बटण दाबलं जाईना. 'हयात' हेही आता खरं वाटत नव्हतं. तेव्हा त्यांच्या मनात आलं, की दोघांच्या मधे एक शब्द घातला तर? खोटं काहीच लिहावं लागणार नाही. धूलकोटवाले जाणती माणसं आहेत, बेपत्ता म्हटल्यावर काय ते समजतील. रजनीचं काम होईल आणि आपल्यालाही ते दुसरं लिहायला नको.

हे पळ काढणं आहे, हे त्यांना त्याच वेळी कळत होतं. पण सुटकेची वाट दिसल्यावर माणूस कळलेल्या गोष्टीकडे पाठ फिरवतो.

शब्द कुठे घालायचा, याचा त्यांनी विचारही केला नाही. जिवंत आणि मेलेले यांच्या मधेच त्याची जागा असणार. त्यांनी यादी लिहिली : हयात, बेपत्ता, दिवंगत. निरंजनच्या पानावर बेपत्ता भरलं, जतन केलं. ते दिसलं. दुसरं कोणाचंही पान न उघडता त्यांनी बदललेली सूची सगळ्यांच्या फोनवर पाठवून दिली आणि कित्येक महिन्यांनी दुपारी शांत झोपले.

शुक्रवारी सकाळी साडेसातला समाजाचा सचिव नीलेश याचा फोन आला.

"बाबूजी, आमचे आजोबा पंच्याऐंशी साली गेले. ते आज बेपत्ता निघाले. कुठे शोधू त्यांना, बसस्टँडवर?"

"काय म्हणता?"

"मी नाही म्हणत, तुमची सूची म्हणते. समाजातले सगळे मेलेले बेपत्ता झाले, आणि सगळ्या विधवा रातोरात सवाष्ण! अहो, मोतीलालशेठच्या बाईंना सकाळपासून लोक फोन करून बधाई देऊन राहिले. चेष्टा चालू आहे नुसती. परवा संमेलन आहे, बाबूजी. दुरुस्त करा, नाहीतर बंद तरी करून टाका."

वामनरावांनी फोन ठेवला. त्यांनी पुस्तक काढलं. चूक पुढच्याच पानावर होती. त्या ओळीखाली त्यांचीच पेन्सिलीची रेघ होती. यंत्र शब्द साठवत नाही, यादीतली जागा साठवतं. पहिल्या शब्दाला शून्य, दुसऱ्याला एक. इतकी वर्षं ज्या ज्या माणसापुढे 'दिवंगत' भरलं गेलं, तिथे यंत्राने फक्त 'एक' लिहून ठेवलं होतं. आता एक या जागेवर बेपत्ता होतं. नवा शब्द नेहमी यादीच्या शेवटी जोडावा, मधे घालू नये, असं त्या रेघेवरचं वाक्य होतं. त्यांनी आपल्या घरचं पान उघडलं. कविताबाईंच्या नावापुढे बेपत्ता, निरंजनच्या नावापुढे बेपत्ता. आई आणि मुलगा एकाच वाटेने निघून गेल्यासारखे दिसत होते.

ते दुरुस्तीला बसणार तेवढ्यात दार वाजलं.

बाहेर साठीची एक बाई उभी होती. डोक्यावरून पदर, हातात कापडी पिशवी, पायांवर प्रवासाची धूळ.

"गुरुजी, मी डोईफोडियाची आशाबाई. गोटूची माय."

"या, बसा ना."

"बसत नाई. पहिले सांगा, कुठे आहे तो?"

वामनरावांना क्षणभर काही समजलं नाही. मग समजलं, आणि त्यांनी दार पूर्ण उघडलं.

"काल आमच्या शेजारच्या हिमानीने मोबाइल वाचला," आशाबाई भरभर सांगू लागल्या. "कॉलेजात जाते ती. म्हणे, मावशी, गोटूभाऊपुढे बेपत्ता लिहिलंय. मी म्हटलं, नीट वाच. तिने तीन खेप वाचलं. मी म्हटलं, समाजाच्या सूचीत उगंच तर नाई लिहीत कोणी. गुरुजींच्या हातचं काम आहे. त्यांना काईतरी खबर लागली असंल."

"आशाबाई, तुम्ही आधी आत या."

त्या आत आल्या, पण खुर्चीवर न बसता भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. "करोनात नेलं होतं त्याला इंदूरला. मला जाऊ नाई दिलं. मग फोन आला, खतम झाला म्हणे. तिथेच जाळला. चार दिवसांनी एक मडकं आलं, वर चिठ्ठी चिकटवलेली. आता तुम्हीच सांगा गुरुजी, मडक्यात कोण आहे ते चिठ्ठीवरून कळतं का? तिथे ढिगानं माणसं होती. चिठ्ठी बदलली असंल. मी तेव्हाच सांगून राहिली होती. सगळे म्हणे, म्हातारीचं डोकं फिरलं." त्यांनी पिशवीत हात घालून एक फोटो काढला आणि आधारकार्डाची एक घडी पडलेली प्रत. "शोधायला फोटो लागतो ना? हा घ्या. यात केस कापलेले आहेत. आता वाढले असतील."

फोटोतला तरुण लग्नाच्या मांडवात कोणाचा तरी फेटा घालून हसत होता.

'बघतो, चौकशी करतो' हे शब्द वामनरावांच्या जिभेवर आले होते. त्यांना स्वतःला आठ वर्षं सगळ्यांनी हेच सांगितलं होतं, ठाणेदारांनी, नातेवाइकांनी, स्टेशनमास्तरांनी. कोणी वाईट हेतूने नाही. या बाईलाही तेवढं सांगितलं तर ती फोटो ठेवून आनंदाने परत जाईल, आणि मग दर आठवड्याला येईल. डोईफोडियाहून, याच पिशवीसकट, मरेपर्यंत.

"आशाबाई," ते म्हणाले. "गोटू वारला आहे."

आशाबाईंनी फोटो पुढे धरलेला हात मागे घेतला नाही.

"चूक माझ्याकडून झाली. मी त्या यादीत एक शब्द घातला, तो चुकीच्या जागी पडला. जेवढे वारलेले होते तेवढ्या सगळ्यांपुढे तोच आला. तुमच्या मालकांपुढेही आता तेच लिहिलेलं आहे."

"ह्यांच्यापुढे?" आशाबाईंच्या कपाळावर आठी पडली. "ह्यांना तर मी माझ्या हाताने न्हाऊ घातलं शेवटचं."

"हो."

"मग गोटूचं बी तसंच?"

"तसंच."

त्या हळूहळू खाली बसल्या. फोटो त्यांनी मांडीवर पालथा ठेवला. रडल्या नाहीत. मग म्हणाल्या, "काल मी त्याच्या वाटच्या बी भाकरी थापल्या, गुरुजी. चार वर्षांत पहिल्यांदा. सकाळी त्याच बांधून आणल्या, रस्त्यात भेटला तर म्हणून."

वामनराव उठून आत गेले. त्यांनी चहा केला. साखर जास्त पडली. आशाबाईंनी दोन घोट घेऊन कप ठेवला आणि विचारलं, "तुम्ही काऊन घातला तो शब्द?"

"माझ्या मुलासाठी. तो आठ वर्षांपूर्वी निघून गेला."

"मग? शब्द घातल्यावर भेटला?"

त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. आशाबाईंना खरोखर जाणून घ्यायचं होतं, म्हणून वामनरावांना उत्तर देणं भाग होतं.

"नाही," ते म्हणाले.

ते त्यांना बसस्टँडपर्यंत पोचवायला गेले. बस हलायच्या आधी खिडकीतून आशाबाई म्हणाल्या, "तुम्ही खरं सांगितलं ते बरं केलं. पण त्या मोबाइलमधलं आजच्या आज दुरुस्त करा. हिमानीला वाचायला लावीन मी."

घरी येऊन त्यांनी दुरुस्ती केली. पाच मिनिटांचं काम होतं. मधला शब्द उचलून शेवटी नेला : हयात, दिवंगत, बेपत्ता. सूची पुन्हा पाठवली. या वेळी त्यांनी एकेक पान उघडून बघितलं. नीलेशचे आजोबा, दिवंगत. गोटू, दिवंगत. कविताबाई, दिवंगत. निरंजन, दिवंगत.

ते खुर्चीत मागे सरले. हे तर त्यांनी लिहिलं नव्हतं.

मग उमगलं. काल त्यांनी निरंजनपुढे बेपत्ता भरलं तेव्हा यंत्राने 'एक' लिहून ठेवलं होतं, बाकीच्या सगळ्या मेलेल्यांसारखंच. आता एकच्या जागेवर दिवंगत परत आलं, आणि त्यांच्याबरोबर निरंजनही गेला. जे बटण त्यांच्याच्याने दाबलं जात नव्हतं ते यंत्राने आपोआप दाबून टाकलं होतं. बेपत्ता हा शब्द अजून यादीत होता, शेवटी, योग्य जागी, कोणाला काही इजा न करता. तो निवडला की झालं. त्यांनी पर्यायांची यादी उघडलीही.

रजनी शाळेतून आली ती थेट त्यांच्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. सकाळचा गोंधळ तिला शाळेत कळला असावा.

"बेटा, हे बघ," वामनराव म्हणाले. "हे मी केलेलं नाही. आपोआप झालंय."

तिने पडद्यावर वाचलं. तिचा चेहरा बदलला नाही, फक्त खांद्यावरची पर्स तिने काढून छातीशी धरली. "मग आता परत बदलायचं आहे का, बाबा?"

तिने साधंच विचारलं होतं. दर पाडव्याला ताट धरून ती जशी गप्प उभी राहायची, तशीच ती आताही उभी होती. वामनरावांना एकदम कळलं की ती आठ वर्षं त्यांना काय विचारत होती. डोईफोडियाच्या बाईला जे तोंडाने सांगितलं, ते हिला यंत्राने परस्पर कळवावं, हे बरोबर नाही.

"नाही," ते म्हणाले. "निरंजन वारला, रजनी. मला तसंच वाटतं. पुष्कळ दिवसांपासून वाटतं."

हे बोलून झाल्यावर त्यांनी स्वतःच्या हाताने 'दिवंगत' निवडलं आणि 'जतन करा' दाबलं. पडद्यावर लाल अक्षरांत सूचना आली : मृत्यूचा दिनांक भरल्याशिवाय नोंद होणार नाही. निरंजननेच लिहिलेली होती.

त्यांनी तारखेचा रकाना उघडला.

"तो निघाला त्या मंगळवारची घालू?" वामनरावांनी विचारलं.

"ती नको." रजनी शेजारच्या स्टुलावर बसली. "त्या दिवशी सकाळी ते चांगले होते. बटाट्याचे पराठे खाल्ले, लोणचं मागून घेतलं. त्या तारखेला ते जिवंत होते, बाबा. मी बघितलंय."

"मग कोणती?"

तिने विचार केला. "कोर्टाची घाला. निकालाच्या दिवशी आपल्या घरात काहीच झालं नव्हतं. मी मुलांचे पेपर तपासत होते, तुम्ही चष्म्याची काच बदलायला गेला होतात. त्या तारखेला आपल्यापैकी कोणाचंच काही नाही."

वामनरावांनी आकडे भरले. एक आकडा चुकला, तो पुसून परत भरला. नोंद झाली. खालच्या ओळीत रजनीच्या नावापुढचा शब्द बदललेला होता. हाच शब्द तिला हवा होता, यासाठीच अरविंदने फेऱ्या मारल्या होत्या. तरी तो वाचल्यावर तिने तोंडावर पदर घेतला आणि तिचे खांदे हलू लागले. वामनरावांचा हात तिच्या डोक्याकडे गेला आणि मधेच थांबला. आपण तिला काय म्हणून समजावणार, असं त्यांना वाटलं.

थोड्या वेळाने ते म्हणाले, "आंघोळ करावी लागेल. बातमी कळली की करतात."

"पाणी तापवून देते."

"नको. गारच घेतो."

ते न्हाणीत गेले आणि अंगावरच्या कपड्यांनिशी त्यांनी डोक्यावरून एक तांब्या ओतला, मग दुसरा. सदरा पाठीला चिकटला. दाराबाहेर रजनीचा फोन वाजत होता. तिने तो घेतला.

"नाही दादा, बाबांनीच केलं," ती सांगत होती. तिचा आवाज ओला होता पण सरळ होता. "धूलकोटला काय सांगायचं ते नंतर बघू. आज येऊ नको. आज आमच्या घरी सुतक आहे."